चिमणीचा मार्गदर्शक

१८ मे

बारक्या,

बाबा जिवंत आहेत. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या मनात भलतंच काही आलं असणार.

सोमवारी सकाळी ते नेहमीसारखे संगणकासमोर बसले होते. मी दुकानात जायच्या घाईत डबा भरत होते. आतून कप फुटल्याचा आवाज आला म्हणून मी झाडू घेऊनच गेले. ते खुर्चीत ताठ बसले होते. चहा सगळा पायावर सांडलेला, आणि त्याचं त्यांना काहीच नाही. काय झालं विचारलं तर म्हणाले, "टोपी." कसली टोपी, मी विचारलं. "टोपी," ते पुन्हा म्हणाले, जरा चिडूनच, जणू मीच वेड्यासारखं बोलतेय.

मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी झाली होती. उजवा हात गेला आहे, पाय ओढत का होईना चालतो. बोलणं गेलं. डॉक्टरांनी मला दोनदा समजावून सांगितलं की अक्कल गेलेली नाही. त्यांना ऐकलेलं समजतं, सावकाश वाचलेलंही समजतं, फक्त बोलायला गेलं की शब्द सापडत नाही आणि हाती लागतो तो एकच. पाणी हवं असलं तरी टोपी, आणि मी आले की टोपी.

तू यायलाच हवंस असं मी लिहीत नाही. तू फोन उचलत नाहीस, आणि असलं काही मोबाइलवर चार शब्दांत ठोकून द्यायला माझं मन घेत नाही, म्हणून कागद. पत्ता अजून हाच असेल असं धरून चालते. नसेल तर हे पत्र ज्यांना मिळेल त्यांनी वाचून खुशाल फेकून द्यावं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

ताई


६ जून

बारक्या,

बाबांना घरी आणलं. मी दुकानात असते तेव्हा एक मावशी येऊन बसतात. त्यांना बाबांची भीती वाटत नाही ही त्यांची मोठी जमेची बाजू. आधीची बाई दोन दिवसांत पळाली, कारण म्हणे म्हातारा डोळे वटारतो. ते काही आजारपणाचं नाही हे तिला कोण सांगणार.

संगणकाबद्दल लिहायचं होतं. तो बंद करायचा कसा ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून चालूच राहिला होता, आणि सारखा टिंग टिंग वाजायचा. शेवटी मी उघडून बघितलं. एका मुलीचे निरोप होते, एकाखाली एक. पहिल्यात एक प्रश्न होता, दुसऱ्यात तोच प्रश्न जरा अदबीने, आणि शेवटच्यात एवढंच: "सर, माझं काही चुकलं का?"

ही चिमणी. बाबा विद्यार्थ्यांना त्यांच्या फोटोवरून टोपणनावं देतात, तुला माहीतच आहे, आणि हिच्या फोटोच्या जागी एक चिमणी आहे.

मी तिला उत्तर लिहिलं. मग तिने मला लिहिलं. असं करता करता, या घरात इतकी वर्षं काढूनही जे मला धड कळलं नव्हतं ते आत्ता कळलं. मला समजलं तसं लिहिते, चुकलं तर हस. बाबा जिच्यात सदा गुंतलेले असतात ती संगणकाची भाषा कुणाच्या मालकीची नाही. जगभरातले लोक आपापली नोकरी सांभाळून ती राखतात. वर्गणी काढतात, आणि त्यातून दर वर्षी सुट्टीच्या काळात थोड्या विद्यार्थ्यांना महिन्याचं मानधन देऊन भाषेचंच एखादं काम करायला देतात. प्रत्येकाला एक मार्गदर्शक. अर्ध्या वाटेवर एक परीक्षण, शेवटी एक. मार्गदर्शकाला दमडी मिळत नाही. आई त्या भाषेला सवत म्हणायची ते काही उगाच नाही.

चिमणी दिवसा एका दवाखान्याच्या बिलांच्या खिडकीत बसायची आणि संध्याकाळी कॉलेज करायची. मानधन मिळालं म्हणून तिने ती नोकरी सोडली. कॉलेजही हेच काम शेवटच्या वर्षाचं म्हणून धरणार आहे. तिचं काम काय, तर चूक झाली की ती भाषा माणसाला जे बोलते ते सुधारायचं. सध्या ती म्हणते, "अनपेक्षित समाप्ती." चिमणी म्हणाली, "ताई, नवशिक्या माणूस हे वाचतो आणि कायमचा पळून जातो. त्याला नीट सांगायला नको का, की बाबा रे, तू एक कंस उघडलास आणि मिटायला विसरलास?"

कंस कुठे उघडला, कुठे मिटला हे जो भाग वाचतो, तो तू लिहिलेला आहे. तिला हे माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही.

ताई


२१ जून

बारक्या,

मी मार्गदर्शक व्हायचा प्रयत्न करून बघितला. हसू नकोस.

सकाळी मावशी यायच्या आधी मी बाबांना संगणकासमोर बसवायची आणि चिमणीचा प्रश्न वाचून दाखवायची. ते डाव्या हाताने चाक फिरवत फिरवत बरोबर त्या पानावर जायचे. चेहऱ्यावर इतकं तेज मी आजारपणानंतर बघितलं नव्हतं. मग एका ओळीवर बोट ठेवायचे आणि माझ्याकडे बघायचे. त्या ओळीचा आकडा मी चिमणीला कळवायची. ती बिचारी त्या ओळीचं करायचं काय याचा विचार करत बसायची.

दोन-तीनदा जमलंही. मग एकदा त्यांचं बोट जरा थरथरलं आणि मी वरची ओळ कळवली. त्या एका ओळीपायी चिमणीने आठवडाभर सगळं उलटंपालटं केलं. सर म्हणताहेत म्हणजे त्यात काहीतरी असणार, असं म्हणून तिने चांगलं चाललेलं मोडून टाकलं. मी परत विचारलं तेव्हा बाबांनी डोक्यावर हात मारून घेतला. ओळ खालची होती. मी चष्म्याच्या दुकानात काच घासणारी बाई. माझ्याकडे अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी डोकं धरून परत येतं आणि मला चूक दिसते. इथे मला चूकसुद्धा दिसत नाही.

काल ग्रंथपालबाई आल्या होत्या. ज्या मंडळाच्या हातात या विद्यार्थ्यांचं सगळं असतं त्याच्या त्या आता प्रमुख आहेत, आणि पोटासाठी अजूनही ग्रंथालयातच आहेत. केस पूर्ण पांढरे झालेत. बाबांशेजारी बसून त्या अगदी नेहमीच्या आवाजात बोलल्या, लोक हल्ली त्यांच्याशी बोलतात तसं लहान मुलाशी बोलल्यासारखं नाही. मग स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाल्या की अर्ध्या वाटेचं परीक्षण जवळ आलंय, ते मार्गदर्शकालाच लिहावं लागतं. मार्गदर्शक नसेल तर काम तिथेच बंद. मानधनही बंद, आणि कॉलेजला कळवायचं की अपूर्ण.

"दुसरं कुणी नाही का?" मी विचारलं.

"त्या भागाला हात लावायला सगळे घाबरतात," त्या म्हणाल्या. "कुणाला तो उलगडत नाही. ज्याने लिहिलाय त्याला मी चार पत्रं पाठवली, एकाचं उत्तर नाही. तुमचा भाऊ आहे म्हणून विचारते. निदान तुमच्याशी तरी तो बोलतो का हो?"

मी म्हटलं, नाही.

म्हणून आता मीच विचारते. बाबांसाठी नाही. त्यांच्यासाठी मी आहे, मावशी आहेत, त्यांचं चाललंय. चिमणीचा यात काही संबंध नाही, आणि मार तिला बसणार आहे. तिचा पत्ता मागे लिहिला आहे.

बाई आणखीही काही बोलल्या. ते नंतर कधीतरी.

ताई


९ जुलै

बारक्या,

तूच आहेस ना तो?

चिमणीने काल सकाळी लिहिलं की कुणीतरी, ज्याच्या फोटोच्या जागी नुसती करडी चौकट आहे, तिचं सगळं काम पहिल्या ओळीपासून वाचून काढलंय आणि पानंच्या पानं शेरे लिहिलेत. ती घाबरली होती. शेरे तिने मला दाखवले. त्यातलं मला एक अक्षर समजलं नाही, पण एका ठिकाणी लिहिलं होतं, "हे इतकं हुशारीने करू नकोस, उद्या तुलाच वाचता येणार नाही." आणि एका ठिकाणी, "इथे मी ओळींच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा फेकून दिल्या होत्या. तेव्हा त्या लागतील असं वाटलं नव्हतं. चूक माझी, तुझी नाही. त्या परत ठेवायच्या कशा ते खाली लिहिलंय."

लहानपणी माझी गणितं तपासायचास तेव्हा तुझी भाषा हीच होती. धाकटा असून.

मी ते बाबांना दाखवलं. तुझं नाव घेतलं नाही, म्हटलं, चिमणीला कुणीतरी भेटलंय मदतीला. ते वाचत गेले. बराच वेळ लागला, एकेक ओळ. मोकळ्या जागांच्या त्या वाक्यापाशी आले आणि थांबले. चाक फिरवलं नाही, पुढे गेले नाहीत. मी चहा टाकून आले तरी तिथेच. मग त्यांनी डावा तळहात पडद्यावर टेकवला, सबंध तळहात, काचेचं तापमान बघतात तसा.

एरवी पडद्यावर एक डाग पडला तरी खुणेने मला पुसायला लावतात. या वेळी लावलं नाही.

ताई


२ ऑगस्ट

बारक्या,

अर्ध्या वाटेचं परीक्षण झालं, चिमणी उत्तीर्ण. मार्गदर्शक म्हणून तुझं नाव लागलं. हे मला चिमणीकडून कळलं. तिच्या कॉलेजात हे काम कुठल्या खोलीत मांडायचं तेही चिमणीकडून कळलं, आणि तुझ्याकडे सध्या उकाडा फार आहे हेसुद्धा तिच्याकडूनच.

तिला तू पानंच्या पानं लिहितोस. छान करतोस, मनापासून सांगते. मला मात्र चार पत्रांत दोन ओळी नाहीत. मी काय कंस मिटायला विसरले होते?

जाऊ दे. बाई काय बोलल्या ते आता सांगते. आधी लिहिलं नाही, कारण तू चिमणीकडे वळावंस ते तिच्यासाठी, हे ऐकून विरघळून नव्हे. आणि विरघळण्यासारखं यात आहे की नाही हेही मला ठाऊक नाही.

तू स्वतः असा विद्यार्थी होतास त्या वर्षी तुझा मार्गदर्शक मध्येच निघून गेला आणि निकाल मंडळाकडे आला, हे तुला माहीत आहे. बाबा मंडळात होते. काम अपूर्ण होतं. बाकीचे सगळे तुला उत्तीर्ण करायला तयार होते, बाई स्वतःसुद्धा. एकटे बाबा नाही म्हणाले. लोकांचा आपला तो बाब्या असतो. आपल्या बाबांनी स्वतःच्याच बाब्याला कार्टं ठरवलं. बाई म्हणाल्या की कुणीतरी मुदत वाढवायचं सुचवलं, तशी सोय होती. बाबा म्हणाले, बापाने मागितलेली मुदत घेऊन तो पुढे गेला तर जन्मभर लोक तेच म्हणतील. त्या निकालावर तुझी संशोधनाची जागा अडकली होती हे त्यांना माहीत होतं. तरी.

त्याच बैठकीच्या शेवटी त्यांनी मंडळ सोडलं. यापुढे कुणाचा निकाल मी लावणार नाही, म्हणाले. परत कधी गेले नाहीत. बाईंनी दर वर्षी बोलावलं. त्यांनी दर वर्षी एक विद्यार्थी मागून घेतला आणि दर वर्षी त्याच्यासाठी मुदत मागितली, गरज असो वा नसो. मंडळात त्यावर थट्टा चालायची म्हणे.

मी हे त्यांची बाजू घेऊन लिहीत नाही. नापास झाल्यावर तू वर्षभर घरात बसून तेच काम पुरं केलंस, फुकट. ते भाषेत घेतलं गेलं त्या दिवशी तू बॅग भरलीस. तुला दारापर्यंत पोचवायला मी आले, ते आले नाहीत. त्यांनी मंडळ सोडलं ही गोष्ट ते तुला त्या दिवशी सांगू शकले असते. तेव्हा तोंडात सगळे शब्द होते.

ताई


२७ ऑगस्ट

बारक्या,

परवा तुला पडद्यावर जेवढं दिसलं तेवढंच दिसलं. राहिलेलं सांगायला हे पत्र.

तू फोन केलास तेव्हा मी दुकानात काच यंत्रावर चढवत होते. तुझा आवाज ओळखला नाही, एखाद्या पुरवठादाराचा वाटला. नंतर मागच्या खोलीत जाऊन जरा बसले. सांगितलंस ते एवढंच होतं की चिमणीचं काम अपूर्ण आहे, शेवटचा निकाल तुला लिहायचाय, आणि मंडळाच्या नोंदीत बाबा अजून तिचे पहिले मार्गदर्शक आहेत, म्हणून त्यांच्यासमोर बोलायचंय. मी बाईंना बोलावलं. बाबांना सगळं समजतं याला कुणीतरी घरचं नसलेलं साक्षी असावं असं मला वाटलं.

बाबांना मी सांगितलं, बारक्या दिसणार आहे पडद्यावर. त्यांनी दाढी करायला लावली. शर्ट बदलायला लावला, मग तोही नको, निळा. डाव्या हाताने बटणं स्वतः लावायला बसले आणि मला हात लावू देईनात. तुला दहा मिनिटं थांबावं लागलं ते त्यापायी. संगणक बिघडला वगैरे मी जे म्हणाले ते खोटं.

मग तू दिसलास. जाड झालास. बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. तो एकच शब्द त्यांच्या जिभेवर आलेला मला दिसला, आणि त्यांनी तो गिळला. तुझ्यासमोर टोपी म्हणायचं नव्हतं त्यांना.

तू सरळ कामाचं बोललास. उघडा राहिलेला कंस कुठे मिटायला हवा होता याचा चिमणीने लिहिलेल्या भागाचा अंदाज दहातल्या तीन-चार वेळा चुकतो. चुकीच्या जागी बोट दाखवणारा निरोप हा न दिलेल्या निरोपापेक्षा वाईट. हे असं उत्तीर्ण करता येत नाही. बाईंनी मान हलवली. मग तू म्हणालास,

"बाबा, मी तिच्यासाठी मुदत मागतोय. नियमात आहे. तो नियम तेव्हाही होता."

तू खाली बघत होतास, म्हणून तुला दिसलं नसणार. बाबांनी नजर हटवली नाही. डोळे भरले, पण पुसायला हात उचलला नाही, आणि मला पुसू दिलं नाही. ते तसेच तुझ्याकडे बघत राहिले. तू मान वर केलीस तेव्हा त्यांनी मान हलवली, एकदाच, खाली. बाईंनी विचारलं, मुदतीला तुमची संमती आहे असं धरू का? ते बाईंकडे वळले नाहीत. पुन्हा तुझ्याकडे बघून तशीच मान हलवली. ती दुसरी मान बाईंच्या प्रश्नाला होती. पहिली नव्हती. हे मी घरात राहणारी म्हणून सांगते.

बाई मुदतीचं लिहून घेऊ लागल्या. तेवढ्यात बाबांनी चाक धरलं आणि चिमणीचं काम उघडलं. कंस उघडतो त्या ओळीवर बोट ठेवलं. मग खाली, जिथे तिचा अंदाज चुकतो त्या ओळीवर. दोन्ही ओळींचे आकडे मी तुला वाचून दाखवले. पुन्हा वर, पुन्हा खाली. मला वाटलं हात थरथरतोय. बाईंनाही काही कळलं नाही. वर, खाली. शेवटी तू म्हणालास, "दोन्ही सांगायचं? कंस इथे उघडला हे नक्की, आणि इथे मिटायला हवा होता असं वाटतं?"

बाबांनी टेबलावर थाप मारली. इतक्या जोरात, की मावशी धावत आल्या.

"वाटतं म्हणायचं," तू म्हणालास, स्वतःशीच. "खात्री नसेल तर खात्रीने बोलायचं नाही. अरे, मग अंदाज चुकला तरी माणूस भरकटत नाही." आणि मग तू चिमणीलाही बोलावलंस, आणि ती तिच्या खोलीतून दिसायला लागली, खऱ्या चेहऱ्याची, पहिल्यांदाच. तिने बाबांना नमस्कार केला आणि रडायलाच लागली. तू तिला म्हणालास, रडणं नंतर, आधी तिसरी फाइल उघड.

मी दुकानात गेले. गिऱ्हाइकं खोळंबली होती. परत आले तेव्हा तुम्ही तिघंही तसेच बसला होतात. बाबांचं जेवण शेजारी गार झालं होतं, आणि मावशी रागावून बाल्कनीत जाऊन बसल्या होत्या.

ताई


३ ऑक्टोबर

बारक्या,

निकाल कळला. चिमणीने आधी मला फोन केला आणि मग तुला, त्यामुळे यात मी तुझ्या एक पाऊल पुढे आहे. तिने बाबांनाही सांगितलं, मी फोन त्यांच्या कानाला धरला होता. तिच्या कॉलेजने काम मान्य केलं. तिने लिहिलेलं भाषेत गेलंय, आता जगात कुठेही कुणी कंस मिटायला विसरलं तर त्याला माणसासारखं उत्तर मिळेल. पुढच्या वर्षी तिला स्वतःला मार्गदर्शक व्हायचंय. बाईंनी नियमही बदलून घेतला. यापुढे प्रत्येक विद्यार्थ्याला दोन मार्गदर्शक. एक अडला तर पोर वाऱ्यावर नको. पुढच्या वर्षाच्या यादीत तुझं आणि बाबांचं नाव त्यांनी एकत्र घातलंय. तुला विचारलंच असेल. नसेल विचारलं तर मी सांगितलं असं सांगू नकोस.

बाबांचं बोलणं परत येणार नाही. वाचा सुधारणाऱ्या बाईंनी परवा हे हळूच सांगितलं, त्यांच्यासमोरच सांगितलं, हे मला बरं वाटलं. आणखी चार-दोन शब्द आलेत. 'नको' आला आहे, आणि तो फार वापरतात. तुझ्याशी रविवारी जे तास-दीड तास बसतात ना, त्या दिवशी नीट जेवतात. तुम्ही कामाचं सोडून दुसरं काही बोलत नाही हे मी बघते. ते कसं बोलणार, आणि तू कसा. राहू दे. कदाचित तुमचं तेवढंच असेल, आणि तेवढं पुरेल.

मागच्या पत्राला तू उत्तर लिहिलंस. पहिलंच. ते मी दुकानात, गिऱ्हाईक समोर असताना वाचलं आणि त्याला जवळच्या जागी लांबचा नंबर लिहून दिला. तू विचारलंयस की ताई, मी काय करू शकतो, पैसे पाठवू का? पैसे नकोत. काय करायचं ते सांगते, आणि हे मी पहिल्या पत्रापासून लिहिलं नाही, कारण आधी बाबांचं होतं, मग चिमणीचं झालं, आणि मला वाटत होतं की मोठ्या बहिणीला असलं मागता येत नाही.

मी दमले आहे, बारक्या. आजारपणाने नाही. आई गेली त्याच्याही आधीपासून या घरातून मी दोन दिवसांच्या वर कुठे गेलेले नाही. तू गेलास तेव्हा सगळे म्हणाले, बिचारा गेला. मी राहिले त्याबद्दल कुणी काही म्हणालं नाही, कारण राहणं दिसत नाही. मला तुझा राग बाबांसारखा कधी आला नाही. वेगळा आला. तू त्यांच्याशी भांडलास आणि सोडून मला गेलास.

तर तू ये. बाबांना भेटायला म्हणून नको, ते तुला दर रविवारी भेटतात. आपण दोघं एक अख्खा दिवस बसू, मी तुझं सगळं ऐकेन, तू माझं ऐक. त्यांची औषधं, आंघोळ, पायाचे व्यायाम सगळं तुला दाखवेन. मावशींशी जपून बोल, त्यांना चहात साखर कमी चालत नाही. जिना चढताना बाबांना मागून धरायचं, पुढून नाही. ते 'नको' म्हणाले तरी धरायचं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाणार. माझी शाळेतली मैत्रीण डोंगरात राहते, तिच्याकडे. तिच्या घरी फोन नीट लागत नाही असं ती दर वेळी दिलगिरीने सांगते. पंधरा दिवस.

तिकीट काढलं आहे. तुझं नाही, माझं. या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातल्या शुक्रवारचं.

ताई